क्रॉकरबाईंचे तीन रविवार

टोपी शिवताना टाचण्या ओठांत धरायच्या आणि एकही पडू न देता बोलत राहायचं. कुणाचं नाव निघालं की आधी त्याच्या घराच्या खिडक्या सांगायच्या, मग माणसाचा स्वभाव. शिलिंग हातात पडलं की दाताखाली चावून बघायचं, मग ते पाद्रीसाहेबांनी दिलेलं का असेना. स्वतःच्या घरी चहा बिनसाखरेचा, दुसऱ्याच्या घरी तीन खडे. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना पुढच्या बाकांवरच्या टोप्यांच्या किमती मनात लावायच्या, आणि एखादी फारच महाग निघाली तर आकडा शेजारणीच्या कानात सांगायचा. पोटच्या मुलींना 'बाळ' म्हणायचं ते फक्त रागावल्यावर.

टॅमझिन क्रॉकरबाईंच्या या सवयी कॉम्बहर्स्टमध्ये कुणालाही विचाराव्यात. डॉर्सेटच्या टेकड्यांमधलं बाजाराचं गाव. एक मोठा रस्ता, एक चर्च, सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, एक खानावळ, आणि खानावळीसमोर बाईंचं टोप्यांचं दुकान. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. फ्रेंचांशी चाललेली लढाई नुकती संपली होती, रेशमी फिती स्वस्त झाल्या होत्या, आणि बाईंच्या तोंडाचा पट्टा होता तसाच चालू होता.

लग्नातलं सगळं क्रॉकरबाईंना कळतं, असा गावाचा समज होता. बाईंची तर खात्रीच. पंचक्रोशीतल्या प्रत्येक नवरीची टोपी त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यात खिडक्यांवर सरकारी कर होता. तो झेपेना की लोक खिडकी विटांनी बुजवून टाकत. त्यामुळे बाईंचं गणित सोपं होतं. खिडक्या मोजा. बुजवलेल्या वजा करा. उरेल तो जावई.

याच गणिताने त्यांनी थोरल्या जुडिथचं लग्न लावलं. जावई मिस्टर पिनॉक, बिअरचा मोठा कारखाना, गावाबाहेर टेकडीवर घर. सोळा खिडक्या, एकही बुजवलेली नाही. आता राहिली धाकटी केझाया. वीस वर्षांची, बोलायला आईच्या वरचढ. तिच्यासाठी बाईंनी पिनॉकचाच धाकटा भाऊ हेरून ठेवला होता. अकरा खिडक्या. तो दोनदा घरी येऊन पुडिंग खाऊन गेला होता. अजून शब्द टाकला नव्हता, पण पुडिंग दोन्ही वेळा मागून घेतलं होतं, आणि बाईंच्या हिशेबी हा निम्मा शब्दच.

अशात सप्टेंबरातल्या एका रविवारी, चर्चमध्ये, बायबलचा दुसरा पाठ संपल्यावर पाद्रीसाहेबांनी चष्मा पुसला आणि लग्नाचा पुकारा वाचायला घेतला. बाई त्या वेळी डॉक्टरांच्या बायकोच्या टोपीवरची पिसं मोजत होत्या.

"केझाया क्रॉकर, कुमारिका, याच गावची. आणि जोनास वेअर, अविवाहित, याच गावचा. हा पहिला पुकारा. या विवाहाला कुणाची हरकत असेल, तर त्याने ती सांगावी."

सगळं चर्च वळलं. मागच्या बाकांवरची माणसं चक्क उभी राहिली. बाईंच्या शेजारी केझाया मान ताठ करून समोर बघत होती, कान लालभडक. आणि बाई? बाईंचं तोंड उघडलं. सगळ्यांनी ते उघडताना पाहिलं. त्यातून काहीच बाहेर आलं नाही. पाद्रीसाहेब क्षणभर थांबले, मग पुढच्या स्तोत्राकडे वळले. क्रॉकरबाईंना शब्द सापडला नाही, हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं. पुकाऱ्यापेक्षा लोकांना याचंच नवल वाटलं.

जोनास वेअर म्हणजे घड्याळजीकडचा कारागीर. दर गुरुवारी चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायला यायचा. मालकाच्या माळ्यावर झोपायचा. त्याला स्वतःची खिडकी म्हणून नव्हतीच. दुकानातलं घड्याळ तो फुकट दुरुस्त करतो, म्हणून बाईंना तो आवडायचा. तो फुकट का करतो, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

आता कायदा असा होता. मुलगी एकवीस वर्षांची नसेल, तर तिच्या बापाने किंवा आईने पुकारा होताना चर्चमध्ये उठून सर्वांसमक्ष हरकत घ्यायची. घेतली, की लग्न मोडलं. तीन रविवार तीन पुकारे, आणि तिन्ही वेळा आईबाप गप्प राहिले, तर ती संमती. हे कॉम्बहर्स्टमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण याच चर्चमध्ये तसं एकदा घडलं होतं. टॅमझिन तेव्हा एकोणीस वर्षांची. दुसऱ्या पुकाऱ्याला तिचा बाप उठला आणि म्हणाला, "मी बाप. माझी हरकत आहे." नवरदेव होता ॲमॉस टिझर्ड, चांभाराचा मुलगा. पुढल्या वर्षी बापाने टॅमझिनला टोप्यांच्या दुकानवाल्या क्रॉकरला दिलं.

ही गोष्ट बाई स्वतःच दुकानात सांगायच्या, आणि अभिमानाने. बापाने वाचवलं म्हणायच्या. बघा, आज टिझर्डच्या घराला चार खिडक्या, त्यातल्या दोन बुजवलेल्या. टिझर्ड पुढे चर्चचा कारकून झाला. पाद्रीसाहेबांच्या पायाशी बसून दर रविवारी तो 'आमेन' म्हणायचा. त्याची बायको टोपी घ्यायला आठ मैल लांब जायची.

त्या रविवारी घरी आल्यावर बाईंना शब्द सापडले. सगळे एकदम सापडले. भिंतीपलीकडे खाटीक राहायचा. मटण ओव्हनमध्ये ठेवून तो आणि त्याची बायको भिंतीला कान लावून बसले. बाईंनी आधी विश्वासघात काढला, मग बापाची पुण्याई काढली, मग वाटाण्याएवढं तरी डोकं असतं तर, इथपर्यंत आल्या. केझाया ऐकून घेत होती.

"मला आधी का नाही सांगितलंस?" शेवटी बाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं, तर तू पुकारा होऊ दिला असतास?"

"मुळीच नाही."

"मग?"

जोनासला ब्रिस्टलला काम मिळालं होतं. मोठं घड्याळांचं दुकान. पण म्हाताऱ्या मालकाची अट एकच, माणूस लग्न झालेला हवा आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस सणापर्यंत हजर हवा. म्हणजे महिनाही नव्हता. केझायाला एकवीस पुरी व्हायची ती वसंतात. तोवर ती जागा कुणी रिकामी ठेवणार नव्हतं.

"दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत," केझाया म्हणाली. "आणि खाली गल्ल्यावर मी बसणार."

"गल्ल्यावर? तू?"

"मालक म्हणाले, टोपीवालीची मुलगी आहे म्हणता, मग हिशेबाची काळजी नाही."

 दुकानदारणीचा जीव तो, गल्ला म्हटल्यावर कान टवकारलेच. पण बाई लगेच सावरल्या.

"खिडक्या किती?"

"एक. रस्त्याकडे."

"बाळ," बाई म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे खाटकाच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

दुसऱ्या दिवशी बाई पाद्रीसाहेबांकडे गेल्या. तावातावाने गेल्या, आणि शांत होऊन परतल्या. हरकत तिन्हीपैकी कुठल्याही रविवारी घेतली तरी चालते, एवढंच त्यांनी विचारून घेतलं होतं. मग घाई कशाला? दुकानातला नियम त्यांना पाठ होता. नवं गिऱ्हाईक पैसे मोजेपर्यंत जुन्याला दार दाखवायचं नसतं. आधी पिनॉकच्या भावाकडून शब्द घ्यायचा. मग उठायचं. बापासारखं.

त्यामुळे दुसऱ्या रविवारीही बाई गप्प राहिल्या, पण हे गप्प बसणं निराळं होतं. हाताची घडी घालून, ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून त्या बसल्या होत्या. जोनास गॅलरीत उभा होता, चुन्यासारखा पांढरा. पुकारा झाला, श्वास सुटले, आणि दुपारी खानावळीत पैजा लागल्या. बाई हरकत घेणार, यावर बहुतेकांनी सायडर लावली. घेणार नाही म्हणणारा एकटा गाडीवाला होता, आणि तो नेहमीच हरायचा.

मंगळवारी बाई त्याच गाडीवाल्याच्या गाडीत बसून जुडिथकडे गेल्या. वाटभर त्यांचं तोंड थांबलं नाही. दोन्ही मुली एका घराण्यात, सोळा आणि अकरा सत्तावीस. गाडीवाला फक्त घोड्याशी बोलत होता.

जुडिथचं घर नेहमीसारखं लखलखीत होतं. दिवाणखाना मोठा आणि गार. शेगडीत लाकडं रचलेली, पेटवलेली नव्हती. जुडिथच्या अंगावर लग्नातलाच निळा पोशाख होता. त्याच्या कडा उलट्या करून शिवल्या होत्या. बाईंच्या नजरेला शिवण चुकायची नाही. पण त्या भावाची गोष्ट काढायच्या घाईत होत्या. मोलकरणीने कप आणले, किटलीत गरम पाणी आणलं. टेबलावर चहाची लाकडी पेटी होती. जुडिथने तिला हात लावला नाही.

चहा महाग. सगळ्यांच्याच घरी तो कुलपात असतो, आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला. बाईंच्या कमरेला आत्ताही लोंबत होती. बोलता बोलता बाई थांबल्या.

"किल्ली हरवली का गं?"

"नाही. ती त्यांच्याकडे असते. चार वाजता येतील."

"आणि मधेच कुणी आलं तर?"

"ते घरी असतानाच लोक येतात, आई."

जुडिथ हे अगदी सहज बोलली. बाहेर ऊन पडलंय, असं सांगावं तसं. मग खाटकाच्या बायकोची तब्येत विचारली. केझायाविषयी विचारलं. साखर, मेणबत्त्या, लोणी, सगळ्याच्या किल्ल्या त्याच खिशात आहेत, हे बाईंनी एकेक विचारून काढलं. दुकानातून साठवून दिलेले तीनशे पौंडही तिथेच गेले होते. लग्न झालं की बायकोचं ते नवऱ्याचं. वकिलाकडून लिहून घेऊन पैसे बायकोच्या नावे बांधता येतात, हे बाईंना माहीत होतं. दहा नवरीमुलींच्या आयांना त्यांनी ते सांगितलंही होतं. पण सोळा खिडक्यांवर अविश्वास दाखवायचा कसा? म्हणून स्वतःच्या मुलीसाठी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

किटलीतलं पाणी निवत गेलं. मायलेकी चार वाजायची वाट बघत राहिल्या.

चारला मिस्टर पिनॉक आले. सभ्य माणूस. सासूच्या हातावर ओठ टेकवले. खिशातून किल्ली काढली, पेटी उघडली, दोन चमचे चहा मोजला, कुलूप लावलं, किल्ली पुन्हा खिशात. मग खुर्चीत बसून म्हणाले की भावाशी बोलणं झालं आहे. रविवारी बाईंनी तो घड्याळजीचा प्रकार मिटवावा. सोमवारी भाऊ रीतसर मागणी घालायला येईल.

"तुम्हाला काळजी नको," ते म्हणाले. "आम्हा दोघा भावांची घर चालवायची रीत एकच आहे."

बाईंना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. त्यांनी चहा प्यायला. साखर घेतली नाही.

परतताना गाडीत त्या बोलल्या नाहीत. एकही शब्द नाही. गाडीवाल्याने दोनदा वळून बघितलं, आजारी आहात का विचारलं, मग घाबरून घोडा पळवला. खानावळीत त्याने ही बातमी दिली, पण त्याच्या बाजूने पैज लावायला तरीही कुणी तयार होईना.

शनिवारपर्यंत बाईंनी दुकान नेहमीसारखं चालवलं. टाचण्या ओठांत होत्या, पण नुसत्याच होत्या. गिऱ्हाइकं टोपी घ्यायच्या मिषाने यायची आणि काही न कळता निघून जायची. केझायाने एकदा धीर करून विचारलं, आई, तू काय करणार आहेस? बाई म्हणाल्या, माहीत असतं तर गप्प बसले असते का? ते खरंच होतं. त्यांना माहीत नव्हतं. एकीकडे ब्रिस्टलची एक खिडकी आणि बोटांना तेल लागलेला पोरगा. तो आजारी पडला, त्याची नोकरी गेली, तर मुलगी रस्त्यावर. दुसरीकडे ती किल्ली. बापाने कशावरून ठरवलं होतं, हे बाईंना आता आठवेना. त्या दिवशी बापाच्या कोटाची शिवण पाठीवर उसवली होती, तेवढं मात्र आठवत होतं.

तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. वर्षानुवर्षं देवाचं तोंड न पाहिलेली माणसं आली होती. खानावळीचा मालक पहिल्या बाकावर. गॅलरीत जोनास, हातात टोपी, तीही चुरगळलेली. केझाया आईच्या शेजारी. तिने आईचा हात धरला नव्हता, विनवलं नव्हतं. फक्त प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरलं होतं.

दुसरा पाठ संपला. पाद्रीसाहेबांनी चष्मा पुसला. जरा जास्तच वेळ पुसला.

"केझाया क्रॉकर आणि जोनास वेअर. हा तिसरा आणि शेवटचा पुकारा. कुणाची हरकत असेल, तर त्याने ती सांगावी."

बाक करकरला. क्रॉकरबाई उभ्या राहिल्या.

लोकांच्या तोंडून एकच 'आह' निघालं. खानावळीच्या मालकाने मांडीवर थाप मारली. केझायाचं पुस्तक खाली पडलं, आणि ते उचलायला कुणी वाकलं नाही. खालच्या आसनावर ॲमॉस टिझर्डने मान वर केली. इतक्या वर्षांत त्याने बाईंकडे सरळ असं पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"क्रॉकरबाई," पाद्रीसाहेब म्हणाले, "आपली हरकत आहे?"

बाईंनी घसा साफ केला.

"हरकत कसली, साहेब? मागे नीट ऐकू आलं नाही. दोघांची नावं पुन्हा एकदा वाचा."

पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला, घातला. मग पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचलं. दोन्ही नावं, दोघांचं गाव, तिसरा आणि शेवटचा पुकारा. बाई ते सगळं उभ्याने ऐकत होत्या. त्यांच्या वेळी तिसरा रविवार आलाच नव्हता.

"आता आलं," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

तिसरा पुकारा निर्वेध पार पडला की कारकुनाने 'देव या दोघांचं भलं करो' म्हणायचं, अशी तिथली रीत. टिझर्डने ते म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की वर कबुतरं उडाली. लोकांनी 'आमेन' म्हटलं ते त्याहून मोठ्याने. गॅलरीतून जोनास जिना उतरून येत होता की पडत होता, ते कळेना. गाडीवाला बाकावर उभा राहून आपल्या सायडरचा हिशेब सांगत होता, आणि पाद्रीसाहेबांनी त्याला खाली बसायला सांगेपर्यंत स्तोत्र सुरू होऊ शकलं नाही.

बाहेर आल्यावर लोकांनी बाईंना घेरलं.  बाईंनी जोनासला बोट करून बोलावलं.

"केझायाचे दीडशे पौंड आहेत. ते वकिलाकडून तिच्या नावे बांधायचे. तुला त्यातलं फार्दिंगचं नाणंही उचलता येणार नाही. कबूल?"

"कबूल," जोनास म्हणाला. "तिचे पैसे आहेत, हे मला माहीतच नव्हतं, बाई."

"म्हणजे तू मूर्ख आहेस. चालेल. टिझर्ड, इकडे या."

टिझर्ड आला. मागोमाग त्याची बायकोही आली, टोपीची नाडी घट्ट करत.

"पैसे सांभाळायला एक विश्वासाचा माणूस लागतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही कराल का?"

टिझर्डने बायकोकडे पाहिलं. बायकोने बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या डोक्यावरच्या टोपीकडे. म्हणाली, "करतील ते. त्यांना हिशेब कळत नाही, पण मी बघेन."

सोमवारी पिनॉकचा भाऊ आलाच नाही. गाडीवाल्याकडून बाईंनी टेकडीवर लग्नाचं बोलावणं धाडलं. निरोप उलट आला की मिस्टर पिनॉक यांच्या घरातून कुणीही येणार नाही, आणि घरची गाडी जोडली जाणार नाही. बाईंनी निरोप ऐकला आणि जुडिथच्या टोपीसाठी काढलेली फीत गुंडाळून ठेवली.

मायकेलमसच्या आदल्या दिवशी लग्न होतं. लग्न दुपारी बाराच्या आत लागावं लागतं, आणि सणाचा हंसही त्याच दिवशी भाजायचा होता, कारण संध्याकाळच्या गाडीने नवराबायको ब्रिस्टलला निघणार होते. घरात झुंबड उडाली होती. माडीवर टिझर्डची बायको केझायाच्या केसांत फुलं खोवत होती. खाटकाची बायको पुडिंगपाशी. बाई स्वयंपाकघरात स्टुलावर, मांडीवर हंस घेऊन भराभर पिसं उपटत होत्या आणि माडीकडे तोंड करून ब्रिस्टलच्या गल्ल्याचे नियम सांगत होत्या. उधार द्यायचं तर पाद्र्याला देऊ नकोस. खोटं नाणं आलं तर हसून परत कर. पिसं सगळीकडे उडत होती. बाईंच्या केसांत, भुवयांवर, पुडिंगवर.

मागचं दार उघडलं. जुडिथ उभी होती. निळा पोशाख गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, श्वास लागलेला, गालांवर रंग. टेकडीवरून ती शेतातल्या वाटेने आली होती.

"पिनॉक?" बाईंनी विचारलं.

"ते घरी आहेत. नको म्हणाले. मी चालत आले."

बाईंच्या हातातलं पीस हातातच राहिलं. संध्याकाळी ती परत कुठे जाणार, तिकडे काय वाढून ठेवलेलं असेल, वकील यात काही करू शकतो का, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. विचारलं त्यांनी यातलं काहीच नाही. चर्चची घंटा वाजायला लागली. माडीवरून केझाया ओरडून विचारत होती, खाली कोण आलंय?

बाई उठल्या. हंस टेबलावर टाकला. एप्रनला हात पुसता पुसता त्यांनी जुडिथची टोपी सरळ केली, तिच्या हनुवटीखालची गाठ सोडली आणि नव्याने, घट्ट बांधली. मग तिचा हात धरून त्या तशाच, केसांत पिसं घेऊन, मागच्या दाराने धावत निघाल्या.

हंस टेबलावर राहिला. एका अंगाने उघडा, दुसऱ्या अंगाने पिसांत.